खुराचे चार रुपये

हर्षाला कुठल्याही गोष्टीचं बूड उलटून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. लग्नात आलेला मिक्सर तिने पहिल्याच आठवड्यात खोलला. तो काही बिघडलेला नव्हता, आत काय फिरतं ते तिला बघायचं होतं. परत जुळवताना एक स्क्रू उरला. तो स्क्रू प्रताप नगरच्या तिच्या घरात देव्हाऱ्याच्या खणात आजही सांभाळून ठेवलेला आहे, आणि मिक्सर त्याच्यावाचून ठणठणीत चालतो आहे. सीताबर्डीत तिचं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल असा सगळा माल. तिथेही गिऱ्हाईक रंग जुळवायला साडी घेऊन आलं की ही आधी साडी उलटी करून मागची वीण बघणार. कोष्ट्याची मुलगी, बाप हातमागावर बसलेला, त्यामुळे तेवढं चालायचंच.

अशा बाईच्या आयुष्यात एकच वस्तू अशी होती जी तिला कधी उघडून बघता आली नाही. ती म्हणजे तिच्या वडिलांनी, बाबूलालने, केलेला लाकडी नंदी.

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा असतो. पोरं आपापला लाकडी नंदी सजवून, दोरीने ओढत दारोदार फिरतात, आणि ज्याच्या दारात नंदी येईल त्याने पोरांच्या हातावर बोजारा ठेवायचा. बोजारा म्हणजे रुपया, दोन रुपये, नाहीतर मूठभर खाऊ. गोळीबार चौकाजवळच्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांचे नंदी धोंडबा सुतार करी. धोंडबा नंदीची किंमत घेत नसे. देवाचं जनावर आहे, त्याचा भाव कसला करायचा, असं त्याचं म्हणणं. फक्त खुराचे चार रुपये घ्यायचा, एका खुराचा एक. पुढे गल्लीची ती सवयच झाली. कोणी इतवारीतून विकतचा नंदी आणला तरी दुकानदार सांगेल ती किंमत मोजून वर चार रुपये ठेवायचे. दुकानदार बुचकळ्यात पडायचा, पण पैसे परत करणारा दुकानदार अजून जन्मायचा आहे.

बाबूलालने मात्र आपला नंदी धोंडबाकडून करून घेतला नाही. यंत्रमागापुढे हातमाग परवडेना, तेव्हा त्याने घरचा माग मोडला आणि त्याच्या जाड दांड्यातून स्वतःच्या हाताने नंदी कोरला. विणकराने केलेला नंदी तो! मान जरा वाकडी, एक पाय आखूड. शिंगं मात्र झकास होती. मागावरचा धोटा मधोमध कापून त्याची दोन्ही लोखंडी टोकं त्याने डोक्यावर बसवली होती. आणि हा नंदी चालला की त्याच्या पोटात काहीतरी खुडखुड वाजायचं.

"बाबा, काय वाजते आत?" हर्षा विचारी.

"नंदीचा जीव हाय तो," बाबूलाल म्हणे.

लहानपणी तिला ते पटलं. पुढे पटेनासं झालं, तेव्हा ती खरं सांगा म्हणून मागे लागली. बाबूलाल म्हणाला, दहावी पास हो, मग सांगतो. ती पास झाली. मग म्हणाला, लग्न होऊ दे. तेही झालं. मग म्हणाला, थांब वं, एवढी काय घाई हाय. आणि एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच तो गेला. न सांगता गेला. हर्षाला बापाच्या जाण्याचं दुःख झालंच, पण त्या दुःखाच्या आत रागाचा एक खडा राहिला. पुढे जुनं घर विकून बिऱ्हाड हलवताना नंदी भंगाराच्या गाडीत गेला. तो कोणी दिला यावर तिच्या माहेरी अजून एकमत नाही, आणि विषय निघाला की जेवणं थंड होतात.

तोच नंदी तिला जुलै महिन्यात, दुकानात गिऱ्हाईक नसताना, मोबाइलवर दिसला.

जुन्या वस्तूंचा लिलाव करणारी एक वेबसाइट होती. कुठे जुनी करवती काठाची लुगडी मिळतात का हे बघत ती तिथे पोचली होती. बोट सरकवता सरकवता एकदम थांबलं. 'मध्य भारतातील लाकडी खेळणे, बैल, अंदाजे किंमत बारा ते पंधरा हजार.' वाकडी मान, आखूड पाय आणि डोक्यावर धोट्याची टोकं. हर्षाच्या छातीत असं काही धडधडलं की समोरच्या दुकानातल्या बाईने "बरं वाटून नाही राहिलं का?" म्हणून विचारलं.

संध्याकाळी तिने नवऱ्याच्या, सौरवच्या, नाकासमोर मोबाइल धरला.

"आमचा नंदी होय हा!"

"कशावरून वं? असे नंदी बम आहेत नागपुरात, गल्लोगल्ली." सौरव विम्याच्या कंपनीत होता. पुराव्याशिवाय त्याला वरणसुद्धा वरण वाटत नसे.

"शिंगं पाहा ना. धोट्याची टोकं लावून ठेवली आहेत. असा येडेपणा माह्या बापाशिवाय कोणी करन काय?"

"मग टाक बोली. वाट कायची पाहून राहिली?"

पण हर्षा थांबली होती, कारण फोटोखाली तिने आणखी काही वाचलं होतं. या वेबसाइटवर वस्तूच्या खाली कोणीही प्रश्न विचारू शकत असे. प्रश्न आणि विकणाऱ्याचं उत्तर सगळ्यांना दिसे, विचारणाऱ्याचं नाव तेवढं दिसत नसे. नंदीखाली एकच प्रश्न होता. 'हलवल्यावर आत काही वाजतं का?' आणि खाली विकणाऱ्याचं उत्तर होतं, 'हो, वाजते. काय आहे ते माहीत नाही.'

लाकडी बैल बघून हा प्रश्न कोणाला सुचेल? लाकूड कोणतं, वय किती, कीड लागली आहे का, हे विचारतात माणसं. वाजतं का, असं कोण विचारतं? ज्याला ते आधीच माहीत आहे तोच विचारणार. म्हणजे जगात दुसरं कोणीतरी होतं ज्याला बाबूलालच्या नंदीचं पोट ठाऊक होतं. आता हर्षाला नंदी तर हवा होताच, शिवाय तो माणूस कोण हेही हवं होतं. तिला त्या रात्री झोप लागली नाही असं म्हणणं कमी होईल. तिने सौरवलाही लागू दिली नाही.

लिलाव संपायला अजून बरेच दिवस होते. तिने ते सगळे अभ्यासात घालवले. त्या वेबसाइटची पद्धत अशी होती की आपण जास्तीत जास्त किती देऊ ती हद्द एकदाच टाकून ठेवायची. ती हद्द लिलाव संपेपर्यंत कोणाला दिसत नाही. दुसरं कोणी बोली वाढवली की यंत्र आपल्या वतीने गरजेपुरतं शंभर-शंभर चढत जातं आणि हद्द आली की थांबतं. बोली लावणाऱ्यांची नावं झाकलेली, फक्त नंबर दिसतात. वाचताना हे सगळं फार सज्जनपणाचं वाटतं. पण हर्षाने संपलेले जुने लिलाव उघडून त्यांच्या बोलींचा इतिहास बघितला, तेव्हा सज्जनपणाच्या आतला खेळ तिला दिसू लागला. जो पहिल्या दिवसापासून उत्साहाने बोली लावतो तो हमखास हरतो. तो वाढवतो ते बघून दुसऱ्याला चेव येतो, दुसऱ्याचं बघून तिसऱ्याला. एकाला वाटलं म्हणून दुसऱ्याला वस्तू मोठी वाटू लागते. आणि मग शेवटच्या चार-पाच सेकंदांत कोणीतरी येतो, इतके दिवस दारामागे उभा राहिलेला, एकच आकडा टाकतो आणि वस्तू घेऊन जातो. समोरच्याला पुन्हा विचार करायलाही वेळ उरत नाही.

या दारामागच्या मंडळींत एक नंबर वारंवार दिसत होता, अठ्ठ्याऐंशी. पितळी दिवे, सरोते, जुने पानडबे, सगळीकडे हा शेवटच्या क्षणी हजर. त्याचा आकडा कधी गोल नसे. लोक पाच हजार टाकतात, तर हा पाच हजार सदतीस. शकुनाचा वरचा रुपया टाकणारे पाच हजार एक टाकतात, त्यांनाही तो छत्तीस रुपयांनी मारी. हर्षाने मनाशी ठरवूनच टाकलं की तो प्रश्न विचारणारा हाच. हा नंदीसाठी येणार. कोण असेल हा, कुठला, याला कसं कळलं?

"मी विचारू काय त्या प्रश्नाखाली, का बाप्पा तुम्ही कोण?" तिने सौरवला विचारलं.

"विचार ना."

"आणि त्याले समजलं का मलेही तो पाहिजे आहे, तर तो वीस हजार टाकन. इथं तोंड उघडलं का मेलं माणूस."

"मग नको विचारू."

"पण मग समजन कसं?"

सौरव उठून गच्चीवर गेला.

तिने सराव सुरू केला. एका पितळी अडकित्त्यावर पहिला हात मारला. अखेरच्या क्षणी आकडा टाकायला गेली तर पासवर्ड चुकला. दुसऱ्यांदा कंदिलावर घाई केली, बोली वीस सेकंद आधी पडली आणि अठ्ठ्याऐंशी नंबरने कंदील नेला. तिसऱ्यांदा आणखी एक अडकित्ता आणि चौथ्यांदा एक पाय नसलेला पाट तिला मिळाला. घरात सुपारी कोणी खात नाही.

"अजून किती सराव कराचा आहे?" सौरव म्हणाला. "घर भंगाराचं दुकान होऊन राहिलं."

"भंगारातच गेला होता ना नंदी," हर्षा म्हणाली.

नंदीची बोली मध्यंतरी सहा हजाराच्या आसपास रेंगाळली होती. सगळ्यात वर कोणी एकशे सतरा नंबर होता. त्याने पहिल्याच दिवशी आपली हद्द टाकली होती आणि त्यानंतर तो फिरकलासुद्धा नव्हता. हर्षाने त्याला अडाणी ठरवलं. बिचाऱ्याला खेळच कळत नव्हता, आपलं घोडं पहिल्या दिवशी मैदानात बांधून घरी झोपला होता. तिचं सगळं लक्ष अठ्ठ्याऐंशीवर होतं, आणि तो अजून आलेला नव्हता, म्हणजे येणार होता.

आकडा तिने ठरवला. भिशीचे पैसे आणि दिवाळीच्या मालातले थोडे मागे ठेवून पंधरा हजार जमत होते. विकणाऱ्यानेही वरची किंमत तेवढीच लिहिली होती. नंदीची किंमत कमी करायची नाही, सांगितलेली पूर्ण द्यायची, हे तर लहानपणापासून अंगात भिनलेलं. आणि वर खुराचे चार. पंधरा हजार चार. तिला आपल्या हुशारीचंही कौतुक वाटलं. गल्लीची रीत पाळली जाते आणि आकडाही गोल राहत नाही.

रविवारी संध्याकाळी पाचला लिलाव संपणार होता. सौरवला मोबाइलवर मॅच बघायला बंदी होती, नेट खाते म्हणून. कुकर चढवायचा नाही, शिटी झाली की दचकायला होतं. दाराची बेल वाजली तर उघडायचं नाही. सौरव सोफ्यावर हात बांधून बसला, तिकीट नसलेला माणूस डब्यात बसतो तसा.

शेवटचं एक मिनिट. बोली सहा हजार तीनशे, वर एकशे सतरा. तीस सेकंद. काही नाही. पंधरा. हर्षाचा अंगठा बटणावर, आकडा टाकून तयार. आठ सेकंद उरले आणि बोली एकदम उडी मारून नऊ हजाराच्या वर गेली. अठ्ठ्याऐंशी आला होता! पण वर नंबर अजून एकशे सतराच होता. अठ्ठ्याऐंशी आपटला होता. हर्षाला तिथे आश्चर्य करायला वेळ नव्हता. तीन सेकंद. तिने अंगठा दाबला.

चक्र फिरलं. मग पडद्यावर अक्षरं आली. 'तुमच्याइतकीच बोली आधी लागलेली आहे. समान बोलीत आधीची ग्राह्य. लिलाव संपला.'

तिने ते तीनदा वाचलं. मग मोबाइल सौरवच्या हातात दिला आणि आत जाऊन रडली. चांगली हुंदके देऊन रडली. बाप दुसऱ्यांदा न सांगता गेला असं तिला वाटलं, आणि या वेळी दोरी तिच्याच हातून निसटली होती. इतका अभ्यास केला, इतका सराव केला, आणि पहिल्या दिवशी आकडा टाकून झोपलेल्याने नंदी नेला!

थोड्या वेळाने सौरव दारात आला. "हे पाय वं," तो म्हणाला. "मले एक समजून नाही राहिलं. सारखी बोली म्हणते. तू पंधरा हजार चार टाकले. मग त्यानंही पंधरा हजार चारच टाकले असतीन ना?"

"मग?"

"पंधरा हजार समजू शकतो, विकणाऱ्यानंच लिहिले होते. एक रुपया वर, तेही समजू शकतो. चार काहून? चार रुपये कोण टाकते?"

हर्षा उठून बसली. तिचं रडणं कुठल्या कुठे गेलं. पदराने नाक पुसत तिने बोलींचा इतिहास उघडला. होताच तिथे, एकशे सतरा, पहिल्याच दिवशी सकाळी, पंधरा हजार चार. म्हणजे तो प्रश्न याचाच होता. हा अडाणी नव्हता, गल्लीतला होता! गल्ली मोडून माणसं कुठे कुठे पांगली होती, कोणी उमरेडला, कोणी भंडाऱ्याला, कोणी पार सुरतेला. त्यांतलं कोणीतरी आपल्या घरी बसून नंदीच्या खुरांचे चार रुपये मोजत होतं.

वेबसाइटवर दुसऱ्या बोलीदाराशी बोलायची सोय नव्हती. पण नंदीखालची प्रश्नाची चौकट अजून उघडी होती. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. तिने लिहिलं, 'खुराचे चार रुपये कोणी घातले?' विकणाऱ्याने त्यावर 'प्रश्न समजला नाही' असं नम्र उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, एक गिऱ्हाईक मोरपिशी रंगाचं अस्तर पारखत असताना, मोबाइल वाजला. चौकटीत नवी ओळ आली होती. 'काहून? तूही घातले काय? मी धोंडबाची चारू. मौद्याला ये, दारं-खिडक्यांचं दुकान, कोणालेही विचार.'

हर्षाने गिऱ्हाइकाला अस्तर फुकट दिलं.

धोंडबा सुताराची चारुलता तिच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी. गल्लीत दोघी एकाच ओट्यावर सागरगोटे खेळायच्या. लग्न होऊन ती मौद्याला गेली आणि पुढे म्हाताऱ्या बापालाही तिकडे घेऊन गेली, एवढं हर्षाच्या कानावर होतं. मग विसरलंच होतं. माणसं अशी विसरता येतात याचं तिला वाईट वाटलं.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सौरवच्या गाडीने दोघं मौद्याला गेली. हर्षाच्या पर्समध्ये पंधरा हजारांचं पाकीट होतं. नंदी विकत मागायचा, नाही म्हणाली तर निदान हलवून बघायचा, एवढंच ठरलं होतं. दुकान सापडलं. प्लायवूडची दारं भिंतीला टेकवलेली, काउंटरवर पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा, आणि बाहेर पोरांची आपापले नंदी घेऊन लगबग. चारू केसांनी अर्धी पिकली होती, पण हसली तेव्हा तीच होती. तिच्या नवऱ्याने सौरवला लगेच ताब्यात घेतलं. पाहुणा आला की त्याला गावाजवळच्या वीज प्लांटची धुराडी दाखवायची हा त्याचा नेम होता.

आतल्या खोलीत खुर्चीवर धोंडबा बसला होता. वाळलेला, कानाने कमी, डोळ्यांनी तल्लख. समोर स्टुलावर नंदी.

"बाबूलालची हर्षा होय ना तू? ये. पहिले नंदी हलव. मले तर आयकू येत नाही धड, पण हाताले समजते."

तिने नंदी उचलला आणि हलवला. खुडखुड. इतक्या वर्षांनी तोच आवाज! तिचे डोळे भरून आले.

"काका, काय आहे आत?" ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली. "तुमाले माहीत आहे ना?"

धोंडबा लेकीला म्हणाला, "चारू, ते काढ वं."

चारूने फळीवरून फडक्यात गुंडाळलेली एक पटाशी आणली. जुनी, मूठ घासून काळी झालेली. पात्याचा एक कोपरा तुटलेला होता.

"माह्या बापाची पटाशी," धोंडबा म्हणाला. "तुह्या बापानं मले नंदी करू देला नाही. म्हणे, माग माहा, नंदीही माह्याच हातचा. म्या म्हटलं कर बाप्पा. पटाशी मागून घेऊन गेला. पोरीले ओढाले हलका व्हावा म्हणून पोट खालून कोरत होता, अन् कोपरा मोडला. रुतून बसला लाकडात, निघेच ना. त्यानं वरून बूच ठोकलं, रंग देला. उन्हाळ्यात लाकूड सुकलं, तुकडा सुटला, लागला वाजाले."

"बाबानं सांगितलं तुमाले?"

"तो कायले सांगन! पटाशी परत आणली, अशी फडक्यात गुंडाळून. संगं करवती काठाचं लुगडं, चारूच्या मायसाठी. मले तवाच समजलं. पटाशीचं भाडं लुगडं असते काय कुठं? काहीतरी मोडलं यानं. पण त्याच्यासमोर म्या फडकं सोडलं नाही. तोंड उतरलं होतं त्याचं."

"मग तुम्ही कधी विचारलं नाही?"

"विचारलं ना!" धोंडबाचा चेहरा लहान पोरासारखा झाला. "दरसाल विचारलं. तान्ह्या पोळ्याले नंदी माह्या दारात आला का म्या विचारो, काय वाजते गा बाबूलाल? तो म्हणे, नंदीचा जीव हाय. म्या म्हणो, असंन बाप्पा. त्यालेही माहीत, मलेही माहीत. पण मोडलं म्हणून तो बोलला नाही अन् माहीत हाय म्हणून म्या बोललो नाही. असं चाललं ते."

हर्षा हसायला लागली आणि हसता हसता रडायलाही. दरवर्षी ती तिथेच तर होती. धोंडबाच्या दारात, दोघांच्या मधोमध, दोरी धरून. त्या दोघांच्या तोंडाकडे एकदा बघितलं असतं तरी कळलं असतं. पण तिचे डोळे सगळा वेळ नंदीच्या पोटाला लागलेले.

"फोटो दिसला तवा बाबानंच सांगितलं," चारू म्हणाली. "पहिले विचार वाजते का. वाजते म्हटल्यावर म्हणे, किंमत पाहू नको, लिहिली ती वरची टाक, त्यावर खुराचे चार घाल अन् ठेवून दे. मी टाकले, अन् मग इकडं सण, तिकडं दुकान, विसरूनच गेली. शेवटी शेवटी टाकत असतात हे मले कुठं माहीत?"

हर्षाने अठ्ठ्याऐंशी नंबरचं आणि दोन अडकित्त्यांचं सगळं सांगितलं. चारूला ते ऐकताना ठसका लागला.

"उघडाचं काय?" धोंडबाने पटाशी पुढे केली. "आता तू आली. बूच काढाले दोन मिनिटं लागते."

हर्षाने पटाशी हातात घेतली. पात्याच्या तुटक्या कडेवर अंगठा फिरवला. कोपऱ्याएवढीच ती चूक, आणि तिच्यापायी बापाने दहावी, लग्न, सगळी निमित्तं पुढे केली होती. मिक्सर खोलणारी बाई ती, पण पटाशी तिने परत फडक्यात गुंडाळली.

"राहू द्या काका," ती म्हणाली.

मग तिने पाकीट काढलं. धोंडबाने हात झटकला. "नंदी विकत नाही आपण. म्या आयकला, माहं काम झालं. आता तुह्या घरी ने. फक्त दरसाल तान्ह्या पोळ्याले माह्या दारात आणाचा, अन् म्या विचारीन. अन् खुराचे चार ठेव."

पर्समध्ये पंधरा हजारांच्या नोटा होत्या आणि एक नाणं नव्हतं. चारूने काउंटरकडे बोट दाखवलं. हर्षाने बाहेर जाऊन मोबाइलने चार रुपये पाठवले. डबा सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात बोलला, "चार रुपये प्राप्त हुए."

"काय म्हणते तो?" धोंडबाने आतून विचारलं.

"पोचले म्हणते, बाबा," चारू ओरडून म्हणाली.

हर्षाने नंदीला दोरी बांधली. उचलून नेता आला असता, पण ती ओढतच निघाली. आखूड पायाचा नंदी उंबऱ्यावर डगमगला, पोटात वाजलं, आणि तेवढ्यात धुराडी बघून सौरव परत आला. नंदी पाहून तो दारातच थांबला.

"मिळाला? वाजते म्हणा अजून!" तो खाली वाकला, नंदी हलवला, कान लावला. "मग, समजलं का शेवटी? काय आहे वं आत?"

आतल्या खोलीत धोंडबा खुर्चीत पुढे सरकला. त्याला ऐकू आलं नसावं, पण नंदीवर वाकलेला माणूस आणि समोर उभी हर्षा त्याला दिसत होती. काय विचारलं जातंय हे कळायला त्याला कानांची गरज नव्हती. हर्षाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"नंदीचा जीव हाय," ती म्हणाली आणि दोरी ओढून गाडीकडे चालू लागली.